मोटारीची काच आणि पठारावरचा पाऊस

क्यूरपीपच्या पठारावर पाऊस विचारून येत नाही. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी आपली जुनी मॉरिस मायनर आजही जपली आहे. (हे मॉडेल १९४८ साली प्रथम बाजारात आले.) परवा नातवंडांना घेऊन उतार उतरताना दोन्ही वायपर अर्ध्या काचेवर थबकले. रस्ता दिसेना.

"मोटर जळाली," असा निवाडा शेजाऱ्यांनी तत्काळ दिला. मोटरीवर आळ घेणे सोपे असते! गृहस्थांनी मोटरीपासून लवचीक दातेरी तार सोडवली, तेव्हा मोटर सुरळीत फिरू लागली. दोष नळीतल्या तारेत होता. जुने ग्रीस डिंकासारखे घट्ट झाले होते. तार रॉकेलने धुऊन नवे ग्रीस लावताच वायपर चालले.

काच धुण्याचा हातपंपही पाणी देत नव्हता. त्याची रबरी नळी चिरली होती, म्हणून तो हवाच ओढी. नळी बदलली, तोटीचे छिद्र टाचणीने मोकळे केले. ऊसतोडीच्या दिवसांत काचेवर धूळ बसते. तिच्यावर कोरडा वायपर फिरवला की ओरखडे उठतात आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत तेच डोळे दिपवतात.

वायपरची रबरी पाती मात्र त्यांनी नवीच घेतली. तेथे काटकसर त्यांना मान्य नाही.