घरच्या घरी पोस्ट ऑफिस

माझ्या उबुंटू मशीनवर रोज रात्री २ वाजता क्रॉन फोटोंचा बॅकअप घेतो. आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो त्यातच आहेत. काही बिनसलं, तर क्रॉन एरर मेलने कळवतो. पण मशीनवर मेल पोचवणारा प्रोग्रामच नसेल, तर तो मजकूर सरळ टाकून देतो, लॉगमध्ये एक ओळ लिहून. म्हणजे बॅकअप बोंबलला तरी घरात सगळं शांत!

म्हणून शनिवारी पोस्टफिक्स टाकलं. 'लोकल ओन्ली' निवडलं, एलिअसेसच्या फाइलमध्ये रूटचं टपाल माझ्या नावावर वळवलं, 'न्यूएलिअसेस' चालवलं. बस्स. इंटरनेट नको, पासवर्ड नको.

रविवारी सकाळी पहिलं पत्र हजर: बॅकअपची डिस्क भरलीये. बातमी वाईट, पण वेळेवर आली. दुपारी नवी डिस्क आणली. आजीचे फोटो आता खरंच दोन ठिकाणी आहेत.