हातोडीने कापलेलं पॅकिंग

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गिअरबॉक्स जोडायचं काम एके काळी लांबूनच ऐकू यायचं. बिडाच्या हाऊसिंगच्या तोंडावर पॅकिंग पेपर अंथरायचा आणि बॉल पेन हातोडीने कडेकडेने हलके ठोके देत कापायचा. कात्री लागत नसे, हाऊसिंगची धारच कागद कापी. बोल्टच्या भोकावर हातोडीची गोल बाजू नेमकी बसली की कागदाची टिकली सुटून येई. मग दोन्ही अंगांना शेलॅक, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पुढे कधी गिअरबॉक्स उघडला की ते कडक झालेलं पॅकिंग खरवडण्यात अख्खी दुपार जाई. एवढं करूनही तेल पाझरायचं ते पाझरायचंच.

आता सिलंटची ट्यूब आली. सिलिकॉनचं सिलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. अ‍ॅनेरोबिक सिलंटचं उलट आहे. हवा लागते तोवर ते पातळ राहतं, दोन धातूंमध्ये दाबलं गेलं की घट्ट होतं. म्हणून त्याची बाटलीही काठोकाठ भरत नाहीत. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हे रसायन बाटलीत टिकेल असं केलं, त्यातूनच लॉकटाइट ही कंपनी उभी राहिली. मध्ये कागद नसल्याने धातू धातूला टेकतो आणि बेअरिंगची फट कारखान्याने ठरवली तेवढीच राहते. गळती खरोखर कमी झाली, याचं मला मनापासून समाधान आहे.

हुरहूर वाटते ती शिकाऊ पोरांसाठी. पॅकिंग कापता कापता हाऊसिंगचं तोंड त्यांच्या हातात बसायचं. तेलाची वाट कुठून जाते, डॉवेल पिन कुठे आहे, काठ कुठे निमुळता होतो, हे ठोक्याठोक्याला कळायचं. तेलाचं भोक कापायचं राहिलं तर मिस्त्री तो कागद उजेडासमोर धरून दाखवायचे. आज घाईत जाड लेप दिला जातो. बोल्ट आवळले की जादा सिलंट आत फुगतं, तुटतं आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतं. खरं तर दोन-तीन मिलिमीटरची अखंड रेघ पुरते. ती भोकांच्या आतल्या बाजूने, तेलाच्या वाटेपासून राखून ओढायची आणि सिलंटवर साय धरायच्या आत दोन्ही भाग जोडायचे.

ट्यूब राहू दे, ती चांगलीच आहे. पण नव्या पोराच्या हाती ती देण्याआधी एखादं जुनं हाऊसिंग आणि पॅकिंग पेपर द्यावा. एक पॅकिंग त्याने स्वतः कापलं, की रेघ कुठून न्यायची हे त्याला सांगावं लागणार नाही.