पोहण्याची विहीर

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात, घरापासून हाकेच्या अंतरावर, दगडी बांधकामाची जुनी विहीर आहे. मोटेच्या काळातली, थारोळ्याचे दगड अजून जागेवर आहेत. घरातली झाडून सगळी माणसं तिच्यातच पोहायला शिकली. वडिलांच्या पिढीनं पाठीला वाळका भोपळा बांधला, आम्ही तेलाचा रिकामा डबा. आता तिची निगा माझ्याकडे आहे. मे महिन्यात नांदेडहून बहिणीची मुलं येतात. ती तिथं फरशी बसवलेल्या तलावात पोहायला शिकलेली. धाकट्यानं आल्या आल्या विचारलं, "मामा, हिचा फिल्टर कुठंय?"

प्रश्न नेमका होता. तलावात तेच पाणी पंपानं वाळूच्या गाळणीतून पुन्हा पुन्हा फिरवतात. विहिरीत ते काम रान करतं. हरभऱ्याला पाणी दिलं की विहीर खाली जाते आणि रातोरात झऱ्यांतून नवं पाणी येतं. उपसा थांबला की आठवड्यात कडेला शेवाळ धरतं, पाण्याला वास सुटतो. म्हणून पाऊस बरा झालेल्या वर्षी, रान मोकळं असलं तरी, मी उन्हाळ्यात आंब्यांना आणि लिंबोणीला पाणी सोडत राहतो. विहिरीला उपशाची गरज असते, हे मी अनुभवानं सांगतो.

2016 च्या उन्हाळ्यात मात्र उपसायला काही राहिलंच नव्हतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमची विहीर आठ मीटर रुंद आहे. पाच मीटर पाणी असलं की तिच्यात अडीच लाख लिटर मावतं, म्हणजे त्या गाडीतलं निम्मं. हा हिशेब केला त्या दिवसापासून तिच्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

तळ उघडा पडलाच होता, म्हणून भावानं आणि मी यारी लावून गाळ काढायचं ठरवलं. उतरण्याआधी म्हाताऱ्या गड्यानं पेटता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडला. विझला असता तर कुणी उतरलं नसतं. डिझेलचं इंजिन आत उतरवून उपसा करायला त्यानं सक्त मनाई केली होती. त्या धुरानं माणसं जागच्या जागी गेलेली त्यानं पाहिली होती. काळा, चिकट गाळ निघाला, त्यात घागरी, चपला, पारव्यांची घरटी. पूर्वेच्या कपारीतला झरा गाळानं बुजला होता. तो पहारीनं मोकळा केला तेव्हा ओल दिसली, आणि त्या उन्हाळ्यात तेवढी ओलही आम्हाला पुष्कळ वाटली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी पाऊस असा आला की मांजरा भरलं आणि आमची विहीरही तुडुंब झाली.

नव्या पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकली. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे अडीच लाख लिटरला सव्वासहाशे ग्रॅम. ती कोरडी फेकायची नसते. बादलीत कालवून निवळू द्यायची, वरची निवळी पोहऱ्यानं पाण्याखाली सोडून हलवायची आणि खालचा चुना बाहेर टाकायचा. संध्याकाळी टाकली तर सकाळपर्यंत काम होतं. दरवर्षी मात्र मी पावडर टाकत नाही. हे पाणी आम्ही पीत नाही, आणि डासांच्या अळ्या खायला आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासे आत आहेत. क्लोरिनच्या पाण्यात मासे टिकत नाहीत. मला मासे प्रिय आहेत.

बाकीची कामं लहान, पण टाळता न येणारी. दगडाच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं की त्याच दिवशी मुळासकट काढायचं. एक पावसाळा गेला की तेच मूळ चिरा हलवतं. कडेच्या बोरीची पानं जाळीनं रोज काढायची. पायऱ्या तारेच्या ब्रशनं घासायच्या, कारण शेवाळावरून पाय सटकतो. आणि पाण्यात मुलं उतरण्याआधी स्टार्टर नुसता बंद करून भागत नाही. किटकॅट काढून ती वर बसलेल्या माणसाच्या खिशात ठेवायची. केबलचा सांधा पाण्याच्या वर हवा. यात मी कुणाचंही ऐकत नाही, पाहुण्यांचंही नाही.

मुलांना शेजारच्या शेततळ्याचं आकर्षण असतं, कारण ते निळंशार दिसतं. तिथं मी त्यांना जाऊ देत नाही. शेततळ्याला उतार असतो आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद. ओल्या कागदावर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. मराठवाड्यात अशा तळ्यांत किती तरी लेकरं गेली. आम्ही शेजाऱ्याला भेटून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडायला लावले, ट्यूबही बांधून ठेवल्या. कुंपणाला त्यानं होकार दिलाय, सोयाबीनचे पैसे आले की करतो म्हणाला.

आमच्या विहिरीच्या उत्तरेच्या बाजूचे दोन चिरे पुढे आलेत. भावाचं म्हणणं, सिमेंटची रिंग टाकून टाकू. माझा विरोध आहे. रिंगेनं त्या बाजूचे पाझर बंद होतील. चुन्यात चिरा बसवणारा गवंडी शोधतोय. तोवर मुलांना सूर मारायला फक्त दक्षिणेचा कठडा.