बाबा, दादा आणि टायरमधली हवा

अमेरिकेच्या वेस्टमध्ये दहा दिवसांचं ऑफ-रोडिंग, तेही अख्ख्या फॅमिलीसोबत! ऐकायला एकदम कूल. पण प्लॅनिंगला बसलं की कळतं, खरे खड्डे रस्त्यात नसतातच…

"त्या गाडीला स्टेपनी किती?"

रविवारी रात्री साडेनऊला बाबांनी फोनवर हा प्रश्न विचारला आणि मी न् आई एकमेकींकडे बघतच राहिलो. कारण फोनच्या पलीकडे दादा होता. गेली काही वर्षं बाबा आणि दादाचं फोनवरचं बोलणं ठरलेलं असायचं. "जेवलास का?" "हो." "बरं, आईकडे देतो." संपलं! एकूण वीस सेकंद. त्या रविवारी मात्र फोन आईकडे आलाच नाही. नंतर मी चोरून कॉल लॉग बघितला. ४३ मिनिटं!

तर मंडळी, ही गोष्ट एका ट्रिपची आहे. अजून न झालेल्या ट्रिपची.

दादा सॉल्ट लेक सिटीत राहतो. टिपिकल स्टोरी… पुण्यात इंजिनीअरिंग, मग एमएस, मग एच-वन-बी. फरक इतकाच, की बाकीच्यांचे दादा लोक वीकेण्डला मॉलमध्ये जातात आणि आमचा हा एक सेकंड हॅण्ड फोर-बाय-फोर घेऊन दगडांत घुसतो. युटा राज्य त्यासाठीच बनलंय म्हणे. सॉल्ट लेकपासून चार तासांवर मोआब नावाचं छोटंसं गाव आहे. हे गाव म्हणजे ऑफ-रोडवाल्यांची पंढरी. १९६७ पासून तिथे ईस्टरला जीप सफारी भरते. जानेवारीत दादाने डिक्लेअर केलं, "आई-बाबांचा व्हिसा झालाय, तर ऑक्टोबरमध्ये सगळे या. हॉटेलच्या खिडकीतून कॅनियन बघायचं नाही. आत जायचं."

सगळे म्हणजे कोण? वय वर्षं ६६, एसटीतून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले आणि २०२३ मध्ये अँजिओप्लास्टी झालेले बाबा. गुडघे कुरकुरणारी आई. दादा, वहिनी आणि २०२१ मध्ये जन्मलेला माझा भाचा. आणि मी. मास कॉम केलंय, फ्रीलान्सिंग करते, म्हणजे घरच्यांच्या मते कायम रिकामी. त्यामुळे रिसर्च डिपार्टमेंट आपसूक माझ्याकडे.

दादाने एक्सेल शीट पाठवली. त्यातला हायलाइट होता व्हाइट रिम रोड. कॅनियनलॅण्ड्स नॅशनल पार्कमधला हा १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता एका प्रचंड पठाराला खालून वळसा घालतो. १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी तो काढला गेला. पार्क झालं नंतर, १९६४ मध्ये. या रस्त्यावर उतरायचं ते शेफर ट्रेलने. हा उभ्या कड्यात कोरलेला नागमोडी घाट सुमारे चौदाशे फूट खाली जातो. मूळची गुराढोरांची वाट, पुढे युरेनियमच्या ट्रकसाठी रुंद केली. कठडा? नाही. पूर्ण व्हाइट रिमला गाडीने दोन ते तीन दिवस लागतात आणि त्यात पेट्रोल पंप नाही, प्यायचं पाणी नाही, मोबाइलला रेंज नाही. गाडी बंद पडली तर टो करून आणायला हजार डॉलरच्या पुढे मोजायची तयारी ठेवायची.

मी हे सगळं जेवताना वाचून दाखवलं. आईने वाटी खाली ठेवली आणि थेट मुद्द्याला हात घातला. "आणि बाथरूम?"

तर, व्हाइट रिमच्या कॅम्पसाइट्सवर टॉयलेट असतं. पण मोआबच्या आसपास इतर बऱ्याच ठिकाणी नियम असा आहे, की आपण केलेली घाण आपणच खास पिशवीत भरून परत आणायची. वाळवंटात ती लवकर कुजत नाही म्हणून.

"परत आणायची? गाडीतून?" आईचा चेहरा फोटो काढण्यासारखा झाला होता. "मी तिथे दहा दिवस उपासच करते."

बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक जुनी डायरी काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, "युटा. गाडीची तयारी." बाबांची नोकरीची बरीच वर्षं कोकणातल्या डेपोंत गेली. घाटात बंद पडलेली एसटी आणायला ब्रेकडाऊन व्हॅन घेऊन, भर पावसात, रात्री-अपरात्री ते जायचे. वरंधा घाट त्यांना आमच्या शाळांच्या नावांपेक्षा जास्त पाठ आहे. त्यामुळे डायरीत प्रश्न सुरू झाले. स्टेपनी किती? फॅन बेल्ट जास्तीचा आहे का? लो रेंजमध्ये गाडी किती पेट्रोल खाते? आणि हे प्रश्न मला विचारून उपयोग नव्हता. मी स्कूटीवाली!

म्हणून तो रविवारचा फोन. ४३ मिनिटांपैकी किमान पंधरा टायरच्या हवेवर गेली. कच्च्या रस्त्याला लागल्यावर टायरमधली हवा मुद्दाम काढतात, पस्तीसवरून वीसच्या आसपास आणतात, असं दादाने सांगितलं.

"हवा काढून गाडी चालवायची? एसटीत असतास तर सस्पेंड झाला असतास."

"बाबा, हवा कमी केली की टायर पसरतो. जमिनीला जास्त चिकटतो. वाळूत रुतत नाही, दगडावर धक्के कमी बसतात."

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "हं. आणि परत भरणार कुठे?" "कॉम्प्रेसर आहे, गाडीच्या बॅटरीवर चालतो." "चायनाचा?" "हो." "दोन घे."

त्यानंतर दर रविवारी फोन. बाबा प्रश्नांची यादी करून बसायचे. सहा माणसं एका गाडीत मावणार नाहीत, म्हणून मोआबमधून एक जीप भाड्याने घ्यायचं ठरलं. (टीप: तिकडच्या नेहमीच्या रेण्टल गाड्या कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक करारांतच बंदी असते. ऑफ-रोडसाठी वेगळ्या जीप मिळतात. अ‍ॅग्रीमेण्ट नीट वाचा!) दुसरी गाडी कोण चालवणार? वहिनी. बाबांच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली. मग दादाने वहिनीचा व्हिडिओ पाठवला. एका दगडी चढावर ती गाडी इंच-इंच वर काढत होती. बाबांनी तो चार वेळा पाहिला. "क्लच-प्लेट नाही जाळत ही पोरगी," एवढंच म्हणाले. गाडी ऑटोमॅटिक होती, हे त्यांना कोणीही सांगितलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. वीस सेकंदांची.

मे २०२१ मध्ये माझी आजी गेली. बाबांची आई. कोविडची दुसरी लाट, सगळीकडे हाहाकार. दादाला तिने लहानपणापासून सांभाळलं होतं. तो आला नाही. ४ मे पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते, त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता आणि वहिनीला सातवा महिना चालू होता. आला असता तर परत कधी जाता आलं असतं, देव जाणे. हे सगळं बाबांना माहीत होतं. समजत होतं. पण दहाव्याला ते घाटावर एकटे उभे होते, मी लांबून पाहिलं होतं. त्यानंतर कोणी भांडलं नाही की कोणी रडलं नाही. फोन फक्त आखूड होत गेले.

आणि आता हे दोघे शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर गप्पा मारत होते. खरं सांगते, मला ट्रिप झाली नसती तरी चाललं असतं.

व्हाइट रिमवर मुक्काम करायचा तर परमिट लागतं. एका परमिटवर जास्तीत जास्त पंधरा माणसं आणि तीन गाड्या. शरद ऋतूतल्या तारखांचं बुकिंग चार महिने आधी, म्हणजे मेमध्ये उघडतं. तिकडे सकाळचे आठ, इकडे संध्याकाळचे साडेसात. त्या दिवशी दादा त्याच्या लॅपटॉपवर, वहिनी तिच्या, मी माझ्या. बाबा माझ्या मागे चष्मा लावून उभे, जणू गणपतीच्या जादा गाड्यांचं रिझर्व्हेशन चालू आहे. काही मिनिटांत एकेक जागा गायब व्हायला लागली. आणि वहिनीला मिळालं! दोन रात्री! बाबांनी चक्क टाळी वाजवली. आईने देवापुढे साखर ठेवली, बाथरूमची काळजी बाजूला ठेवून.

जूनमध्ये बाबांचं रुटीन चेकअप होतं. रिपोर्ट छान. विमानप्रवासाला हरकत नाही. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "तिकडे त्रास झालाच, तर हॉस्पिटल किती लांब?"

मी रिसर्च डिपार्टमेंट. उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं. मोआबमध्ये हॉस्पिटल आहे. पण व्हाइट रिमच्या मध्यावर असलो, तर त्या रस्त्यावरच्या वेगाने बाहेर पडायलाच चार-पाच तास. तेही दिवसाउजेडी. फोन लागणार नाही. सॅटेलाइटवरून एसओएस पाठवता येतो, पण मदत पोचेपर्यंतचा वेळ कोणाच्याच हातात नाही. डॉक्टर फक्त "विचार करा" म्हणाले.

मी रात्री दादाला मेसेज केला. त्याचं उत्तर तासाभराने आलं. "मुक्काम कॅन्सल करतो. शेफर ट्रेलने उतरू आणि पोटॅश रोडने त्याच दिवशी मोआबला परत. अर्ध्या दिवसाचं काम. त्याला परमिटही लागत नाही. तू बाबांना सांगशील?"

"तूच सांग," मी लिहिलं. थोडी वाईट वागले. पण ते मला त्याच्याकडूनच व्हायला हवं होतं.

रविवारी फोन आला. दादाने एका दमात सांगून टाकलं. बाबा गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मला भंगारात काढलं."

"नाही हो बाबा…"

"तुम्ही जा ना. मी आणि तुझी आई वर थांबतो. वरून दिसतो ना तो रस्ता?"

दिसतो. पठाराच्या टोकावरून खाली तो रस्ता दोऱ्यासारखा दिसतो, असं मीच त्यांना फोटोत दाखवलं होतं. दादा म्हणाला, "तुम्ही वर आणि मी खाली, असं नकोय मला. पुरे झालं तेवढं."

यावर काय बोलायचं, कोणालाच सुचेना. आई उगाचच कपाट आवरायला लागली. बाबांनी डायरीचं पान उलटलं, परत उलटलं.

मग ते नेहमीच्या, डेपोतल्या आवाजात बोलायला लागले. "हे बघ. घाटात दरड असेल तर आम्ही गाडी सोडायचो नाही. पॅसेंजर शिव्या घालायचे. कोणाच्या घरी लग्न असायचं, कोणाच्या घरी मयत. तरी नाही सोडायची. रस्ता बंद म्हणजे बंद. त्यात ड्रायव्हरचा काही दोष नसतो."

"हो बाबा."

"२०२१ ला रस्ता बंद होता. मला कळत होतं." थोडं थांबून, "म्हणायला उशीर झाला."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग नाक ओढल्याचा आवाज. मग भाच्याचा आवाज, "डॅडी, व्हाय आर यू सॅड?" बाबांनी घसा खाकरला आणि विचारलं, "तो शेफर घाट उतरताना कुठला गिअर टाकतोस?"

"लो रेंज, फर्स्ट."

"बरोबर. ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. तापतात."

तर आता प्लॅन असा आहे. शेफर ट्रेल, एक दिवस. मग दक्षिणेला मोकी डगवे. पाच किलोमीटरचा हा कच्चा घाट ११ टक्के उताराचा आहे, तोही १९५० च्या दशकात युरेनियमच्या ट्रकसाठीच बांधलेला. मग नवाहो लोकांच्या मॉन्युमेण्ट व्हॅलीतली १७ मैलांची मातीची चक्कर. शेवटी एस्कलांटेजवळचा होल-इन-द-रॉक रोड, जमेल तेवढाच. कारण पाऊस पडला तर तिकडचे कच्चे रस्ते चिकट गारा होतात आणि मग गाडी काढायची नाही, हा नियम आता आमच्या शीटमध्ये लाल अक्षरांत आहे.

या शेवटच्या रस्त्याची गोष्ट बाबांना फार आवडलीय. १८७९ मध्ये अडीचशेच्या आसपास मॉर्मन स्त्री-पुरुष-मुलं घोडागाड्या घेऊन तिथून निघाली. सहा आठवड्यांचा प्रवास धरला होता, लागले जवळजवळ सहा महिने. कड्यातली एक फट फोडून रुंद केली आणि दोर लावून गाड्या खाली सोडल्या. "बघ," बाबा आईला म्हणाले, "त्यांचंही एक्सेल शीट चुकलं."

ट्रिपला सहा आठवडे उरलेत. आईने मेतकूट, दशम्या आणि गुडघ्याचा पट्टा अशी यादी केली आहे. माणशी रोज चार लिटर पाणी मी शीटमध्ये टाकलंय. बाबांनी आरटीओतून इंटरनॅशनल लायसन्स काढलंय. कशासाठी, ते आम्ही विचारलेलं नाही. जीपच्या करारात दुसऱ्या ड्रायव्हरची जागा रिकामी आहे, असं दादा परवा सहज म्हणाला.

आणि काल, रविवारी रात्री साडेनऊला, बाबांचा पुढचा प्रश्न तयार होता.

"जॅक किती टनाचा आहे?"

"बाबा," दादा म्हणाला, "आता तुम्हीच येऊन बघा ना."