रखमेच्या पाठीवर चाललेली चौकी

१५ जानेवारी २०२५. पुण्यात सेनादिनाचं संचलन होतं. खडकीच्या मैदानावर जवानांच्या तुकड्यांबरोबर चार पायांची यंत्रंही चालत आली. लष्करात त्यांना ‘म्यूल’, म्हणजे खेचर, म्हणतात. लोकांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. पण ज्या जनावरांचं नाव या यंत्रांना मिळालं, त्यांच्या सोबतीत माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांचं ऋण कुठेतरी लिहून ठेवावं, असं तेव्हापासून मनात आहे.

आर्मी सर्व्हिस कोअरच्या अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट कंपनीत खेचर हाकणाऱ्या जवानालाही ड्रायव्हरच म्हणत. सातारा जिल्ह्यातून आलेल्या माझ्या हाती उत्तर सिक्कीममध्ये एका खेचरीचा दोर आला. जिथे सडक संपते आणि ट्रक थांबतो, तिथून खेचरांची ड्युटी सुरू होई. आटा, डाळ, रॉकेल, दारूगोळा, काटेरी तार आणि घरून आलेली पत्रं, सगळं त्यांच्या पाठीवरून वर जाई. एका खेचराचं ओझं साधारण ७२ किलो. वरच्या चौकीत चूल पेटली, तर त्या दिवशी खेचरं पोचली असं खुशाल समजावं.

खेचराचा बाप गाढव, आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. खेचराच्या वाट्याला ६३ येतात, म्हणून त्याचा वंश सहसा पुढे चालत नाही. आईकडून त्याला उंची आणि ताकद मिळते. बापाकडून टणक खूर, काटक पोट आणि नीट पाहून पाऊल टाकण्याची सवय.

या सवयीलाच लोक हट्ट म्हणतात.

लष्करी खेचराच्या खुरावर नंबर असतो. माझ्या खेचरीलाही होता, पण मी तिला रखमा म्हणायचो. अंगाने काळसर तपकिरी, कान लांब, नजर शांत. डोंगरातल्या अरुंद वाटेवर ती नेहमी दरीकडच्या कडेने चाले. नवा माणूस ते पाहून घाबरे. पण त्यात शहाणपण होतं: आतल्या बाजूने चाललं तर पाठीवरची पेटी कड्याला थडकते आणि तोल जातो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा ताज्या बर्फावर ती अचानक थांबली. कान पुढे रोखून उभी. मी चुचकारलं, दोर ओढला, ती हलेना. मागची रांग खोळंबली. आमच्या हवालदारसाहेबांनी पुढे होऊन काठीने बर्फ टोचलं, तर वरचा पापुद्रा सरळ आत गेला. खाली ओढा वाहत होता. साहेब तिच्या मानेवर थाप मारून एवढंच म्हणाले, “शाबाश, बेटी.” मग आम्ही वरच्या अंगाने दुसरी वाट काढली.

तिची सेवा करताना नियम कडक होते. आधी पाणी, मग चंदी. खरारा केल्याशिवाय पालाण चढवायचं नाही. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. फरक राहिला तर पालाण सरकतं, पाठ सोलवटते आणि जनावर कितीतरी दिवस कामातून जातं. मुक्कामावर पोचल्यावर आधी तिचे खूर उचलून खडे काढायचे, पाठीवरून हात फिरवायचा. आपला चहा नंतर. थंडीत बोटं बधिर झाली की मी ती तिच्या आयाळीखाली, मानेच्या उबेत धरत असे.

कंपनीत जुन्या गोष्टी सांगितल्या जात. १९३९च्या डिसेंबरात हिंदुस्थानी खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्समध्ये मार्से बंदरावर उतरल्या होत्या. बर्फात ब्रिटिशांची मोटारवाहनं अडत, तिथे ही खेचरं माल पोचवत. १९४०मध्ये तीन कंपन्यांचे जवान बोटींवर चढून निसटले, चौथी जर्मनांच्या हाती सापडली. खेचरं मात्र सगळी मागे राहिली. पुढे इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणी लढल्या, त्या लढाईतही चढावरची रसद खेचरांच्याच पाठीवर होती. लंडनमध्ये हाइड पार्कजवळ २००४ साली युद्धातल्या प्राण्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यात ओझ्याने वाकलेली दोन ब्राँझची खेचरं आहेत, हे कळलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

आणि पेडोंगी! तिचं नाव निघालं की तंबूत सगळे सरसावून बसत. खूर नंबर १५३२८. १९७१च्या युद्धात ती पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागली. काही दिवसांनी ती एकटीच आपल्या चौकीवर परत आली, पाठीवर शत्रूची मशीनगन आणि दारूगोळ्याच्या पेट्या घेऊन! १९९२मध्ये दिल्लीत तिला निळी मखमली झूल देऊन गौरवलं गेलं. सर्वाधिक काळ सेवा केलेलं लष्करी खेचर म्हणून गिनेस बुकातही तिची नोंद झाली.

आता वरपर्यंत रस्ते झालेत, ड्रोन आणि यंत्रं आली आहेत. जवानाचा आणि जनावराचा जीव वाचत असेल, तर ती यायलाच हवीत. १९९९मध्ये कारगिलच्या उंचीवर दारूगोळा वाहणाऱ्या खेचरांचे हाल ज्यांनी पाहिले, ते याला नाही म्हणणार नाहीत. मला वाटतं ते एवढंच, की पलटणींच्या इतिहासात रसदीचा आकडा लिहिला जातो, तिथे ती वाहणाऱ्यांचे नंबरही लिहिले जावेत.

माझी बदली झाली तेव्हा रखमेचा दोर हिमाचलच्या एका नव्या पोराकडे गेला. त्याला मी सगळं दोनदा सांगितलं: डाव्या बाजूने जा, मागून कधीच नको. पट्टा आवळताना ती पोट फुगवते, म्हणून दहा पावलं चालवून पुन्हा आवळ. गूळ उजव्या हाताने दे. आणि ती थांबली, तर तूही थांब.