आवाजाची झाडलोट

आमच्या पिढीने इक्वलायझर प्रथम पाहिला तो टेपरेकॉर्डरच्या पुढच्या पट्टीवर. ओळीने पाच दांड्या असत. जो तो दोन्ही टोकांच्या दांड्या वर चढवी आणि मधल्या खाली ओढी. मग ढोलक दणदणे, टाळ्या कडाडत आणि कव्वालाचे शब्द मात्र कुठेतरी बुडून जात. शब्दांची वस्ती मधल्या दांड्यांवर असते, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

आज त्या पाच दांड्यांच्या जागी संगणकाच्या पडद्यावर ३१ दांड्या आल्या आहेत. ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याच्या ग्राफिक इक्वलायझरमध्ये २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या आवाक्यातला सगळा मुलूख वाटून दिलेला असतो. दर तीन दांड्या ओलांडल्या की एक सप्तक चढते. पॅरामेट्रिक नावाची दुसरी तऱ्हाही आहे. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली तिच्यावर निबंध मांडला. तिच्यात दांड्या थोड्या, पण प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी आपण ठरवायच्या: कुठे, किती आणि किती रुंदीत.

इक्वलायझर म्हणजे सगळ्यांना एका मापाने छाटणारा, असे नावावरून वाटते. पण हा शब्द टेलिफोनच्या कामातून रूढ झाला. लांबच्या तारेतून जाताना आवाजातले उंच स्वर अधिक झिजतात. ती झीज भरून काढायची आणि या टोकाचे बोलणे त्या टोकाला जसेच्या तसे पोहोचवायचे, ही ती बरोबरी. वाटेत ज्याचे गेले त्याला ते परत द्यायचे, एवढाच तिचा अर्थ.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे तिघे जण. आम्हाला हे यंत्र लवकर उमगले, कारण मखरज ही कल्पना ओळखीची होती. प्रत्येक हरफाची मुखात एक जागा असते. कोणता कंठातून, कोणता दातांपाशी. तसाच प्रत्येक ध्वनीचा ध्वनिपट्टीवरही पत्ता असतो. ‘शीन’चा जोर साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झपासून पुढे, ‘सीन’चा त्याहून वर, पाच ते आठ हजारांच्या आसपास. जुन्या टेलिफोनवर ३,४०० हर्ट्झच्या वरचे काही जातच नसे, म्हणून ‘स’ आणि ‘फ’ यांत घोटाळा होई. कॅसेटची सरसर घालवायला वरच्या सगळ्या दांड्या खाली ओढल्या, तर सरसरीबरोबर ‘सीन’ही जातो आणि तलफ्फुज बोबडा होतो.

हे सारे कामाला आले ते सोलापुरातल्या एका नानीच्या गाण्यांमुळे. आमच्यातल्याच एकाची ती आजी. जात्यावरची दखनी गाणी तिला आईकडून आलेली. ही परंपरा जुनी आहे. विजापूरच्या सूफींच्या मंडळींनी दखनीत चक्कीनामे रचले आणि बायकांनी ते दळताना गायिले. रिचर्ड ईटन यांनी १९७८ सालच्या ‘सूफीज ऑफ बिजापूर’ या ग्रंथात त्यांबद्दल लिहिले आहे. जाती थांबली तशी गाणीही थांबली. नानीच्या घरात तिच्यानंतर ती कोणाला येत नव्हती.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर केले. नानीचा आवाज बारीक, डोक्यावर पंखा आणि भिंतीपलीकडे चादरीचा माग. पंख्याची आणि विजेची घुमघुम सहज निघाली. ती ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत, १०० वर, १५० वर बसते. नानीचा आवाज २०० च्या आसपास सुरू होत होता. म्हणजे दोघांची घरे वेगळी. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा एक घोगरेपणा होता. तो शोधायला एक अरुंद पट्टा बराच उंच करून इकडून तिकडे फिरवला. ३५० हर्ट्झपाशी तो घोगरेपणा उसळला. तिथेच चार डेसिबल उतरवले. ३,००० च्या आसपास दोन डेसिबल चढवले, तेव्हा शब्द पुढे आले. दर वेळी आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्याच मोठेपणाने ऐकून पाहिला, कारण मोठा आवाज कानाला उगीचच चांगला वाटतो.

माग मात्र हलेना. त्याच्या खटक्यात खालचा धक्का, मधली खडखड, वरची तडतड सगळेच असते. जिथे त्याला कापावे तिथे नानीही कापली जाई. दोघे एकाच खोलीत राहणारे. एकाला बाहेर काढताना दुसऱ्याचे सामानही बाहेर पडणार. इक्वलायझर नवे काही निर्माण करत नाही आणि गुंतलेले सोडवतही नाही. जे आहे त्याचे प्रमाण बदलणे, एवढीच त्याची ताकद.

आम्ही नानीला तसे सांगितले. ती म्हणाली, “उसकू कायकू निकालते? रेन दे ना, ऊ बी मेरे संग च चल्ता.”

झाडलोटीची हाव वाढत जाते. गाण्यांच्या मध्ये नानीचा खोकला होता, ‘हौ’ होता, ‘नक्को’ होता. बाहेर कुठे ऐकवायचे तर एवढे तरी काढू, असे आमच्यातल्या एकाला वाटले. त्याचेही खरे होते. शाळेत ‘हौ’ म्हणणाऱ्या मुलाला ‘जी हाँ’ शिकवावेच लागते, परीक्षेत तेच चालते. पण त्या ‘नक्को’मध्ये मराठीचे ‘नको’ शतकानुशतके नांदते आहे. शुद्ध उर्दूवाल्यांना दखनी गावंढळ वाटते, मराठीवाल्यांना ती तुटकी हिंदी वाटते. दोघांच्या पसंतीला उतरेपर्यंत छाटत गेलो, तर नानीचे काय उरेल? घुमघुम बाहेरून आली होती, ‘नक्को’ आतले होते. कात्री लावताना हा फरक कानाने नव्हे, मनाने करावा लागतो.

शेवटी दोन प्रती केल्या. एक मूळ, जिला बोटही लावायचे नाही. दुसरी उजळलेली, पण खोकला, ‘हौ’ आणि माग यांसकट.

उजळलेली प्रत सातवीच्या वर्गाला ऐकवली. तिसऱ्या गाण्यात माग मध्येच थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, धागा टुट्या!” तो मुलगा विणकराच्या घरचा. आमचे लक्ष तिकडे गेलेच नव्हते. आम्ही गाणे पुन्हा मागे घेतले आणि ऐकले. माग थांबला होता तेवढा वेळ नानी एकटी गात होती, आणि तिचा एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.