तोंडाला चव



संपादक मित्राचा निरोप आला. अंक निघतोय, काहीतरी जळजळीत दे. बसलो लिहायला. रातपाळी करून आलेलो. कानात रिंगफ्रेमची घरघर तशीच. जळजळीत काही सुचेना. सुचत होतं ते भलतंच. मागच्या महिन्यात काय खाल्लं, काय वाचलं, काय बघितलं, कशात जीव रमला, तेच. म्हटलं तेच लिहावं. तुम्ही म्हणाल, गडी मवाळ झाला. आधी वाचा, मग म्हणा.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत आहे. वय २६. शाळा दहावीत सुटली. पुढचं शिक्षण पुस्तकांनी केलं, तीही मागून आणलेली. काम काय, तर धागा तुटला की सांधायचा. आठ तास दोन साच्यांच्या मधून चालायचं, तुटला की सांधायचा. कापसाची लव नाकातोंडात जाते. पाळी सुटली तरी तोंडाला चव म्हणून राहत नाही. त्यामुळं ज्या दिवशी चव येते तो दिवस माझ्या ध्यानात राहतो.

पहिली चव चहाची. सकाळी पाळी सुटल्यावर गेटाबाहेरच्या गाड्यावर मी चहा घेतो. सगळ्यांचे ग्लास एकाच बादलीत विसळले जातात, त्यातलाच एक माझ्या हातात येतो. यात काय विशेष? विचारा माझ्या आज्याला. त्याच्या गावात आपली कपबशी हॉटेलाच्या बाहेर वळचणीला खोचलेली असायची. आपणच काढायची, आपणच धुवायची, चहा वरनं ओतायचे. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल घालून दिलं आणि स्वतः तिथला चहा प्यायले. राजानं चहा प्यावा लागला, तेव्हा कुठं बाकीच्यांच्या घशाखाली तो उतरू लागला. गाड्यावरचा माझा चहा साधा, साखर जास्त. पण त्यात एवढं सगळं विरघळलेलं आहे. मी सावकाश पितो.

दुसरी गोष्ट पुस्तकाची आणि डब्याची. दोन्ही एकच आहे.

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' पुन्हा वाचलं. १९६३चं पुस्तक. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मुठी वळल्या होत्या. या वेळी मान खाली गेली. कारण मीही चोरच आहे. जात नाही चोरली, आडनाव सगळ्यांना ठाऊक आहे. मी डबा चोरला.

आई रविवारी वजडी करते. मटण परवडत नाही, वजडी परवडते. पाण्यात सतरांदा धुते, चुन्यानं घासते, मग कांदा-खोबरं भाजून, लसूण-आल्याचं वाटण लावून शिजवते. घर भरून वास. पण सोमवारी माझ्या डब्यात बटाट्याची भाजी. मीच सांगितलेलं, "आई, डब्याला वजडी नको. लवकर खराब होते." ती काही बोलली नाही. तिला कळत नसेल होय? तीन वर्षं असंच चाललं. चौदा एप्रिलला स्टेजवर चढून मी व्यवस्थेची आतडी बाहेर काढणाऱ्या कविता म्हणायचो, आणि सोमवारी बकऱ्याची आतडी डब्यातनं नेायला भ्यायचो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो.

मागच्या महिन्यात एका सोमवारी म्हटलं, "आई, वजडी भर." तिनं एकदा बघितलं आणि दोन भाकरी जास्त बांधल्या.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला. वास सुटला. शेजारच्या फ्रेमवरचे आण्णा वयस्कर माणूस, नेहमी माझ्याशी नीट बोलणारे. त्यांनी आपला डबा उचलला आणि खांबापलीकडं जाऊन बसले. बोलले काहीच नाहीत. ओरिसाचा एक पोरगा आहे, नवीन लागलेला. तो वाकून बघत म्हणाला, "भैया, ये क्या है?" सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि सरळ रश्शात बुडवला.

तुम्हाला वाटेल मला लई आनंद झाला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला चवच लागली नाही. सगळं ध्यान खांबाकडं. पुढच्या सोमवारीही तसंच. तिसऱ्या सोमवारी पहिला घास घेतला आणि कळलं की मीठ कमी आहे. मित्रहो, ते मीठ कमी असल्याचं कळलं, तेव्हा मी सुटलो. घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसली. आण्णा अजून खांबापलीकडंच बसतात. ते आले असं लिहिलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. आले नाहीत.

आज्या मुंबईच्या गिरणीत होता, कताई खात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तोही. मग गिरणी गेली ती गेलीच, तो गावाला परतला. तो सांगायचा, त्याच्या आधीच्या पिढीत आपल्या माणसाला मागावर घेत नसत. का? धोट्यातनं धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आमची थुंकी लागली तर बाटेल म्हणून. मागावर पगार जास्त, म्हणून थुंकीचं कारण सोयीचं. बाबासाहेबांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. म्हणजे तोंडाचाच प्रश्न. या तोंडानं काय ओढायचं, काय खायचं, कुठं पाणी प्यायचं, हे दुसऱ्यानं ठरवायचं. २० मार्च १९२७ला महाडात आपल्या लोकांनी तळ्याचं पाणी प्यायलं, तर जेवणाऱ्यांवर हल्ला झाला, अन्न मातीत तुडवलं गेलं. अन्नात माती कालवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं तो काय करतोय ते.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' याच महिन्यात मिळालं. २०१५ साली आलेलं, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाचं पुस्तक. आईला वाचून दाखवलं. तिचं चालूच, "आमच्यात असं न्हाई, आमच्यात येगळं घालत्यात." आयुष्यात पहिल्यांदा आई एका लेखकाशी भांडली. यापेक्षा मोठा साहित्य मेळावा मी बघितला नाही.

तिसरं बघण्याचं. मोबाइलवर आईबरोबर 'फँड्री' बघितला, नागराज मंजुळेंचा, २०१४चा. मी आधी दोनदा बघितलेला. डुकरामागं धावाधाव चालली तेव्हा आई खदाखदा हसली. मला राग आला. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं, सगळं घर जागच्या जागी उभं राहिलं, आणि डुक्कर समोरनं निघून गेलं. आईचं हसू थांबलं. शेवटी जब्या दगड भिरकावतो. आई म्हणाली, "कुणाला लागला रं?" मी म्हटलं, "बघणाऱ्याला." ती म्हणाली, "मग मला कशाला? मी बी बघतच हुतो की." याचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असलं तर कळवा.

शेवटचं. सुट्टीच्या दिवशी सायकल काढली आणि माणगावला गेलो, हातकणंगले तालुक्यातलं. २१ आणि २२ मार्च १९२०ला तिथं परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष, वय २८. माझ्यापेक्षा दोनच वर्षं जास्त. शाहू महाराजांनी लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, आणि परिषदेनंतर त्यांच्याबरोबर जेवलेही. मी झाडाखाली बसून भाकरी-ठेचा खाल्ला, चिंचेखालच्या वाऱ्यात थोडा झोपलो. कुणी उठवलं नाही. बस्स, एवढंच.

एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "ही चैन झाली. लोकांवर अत्याचार होतायत आणि तू वजडी लिहितोस." त्याचं चुकत नाही. पण त्याला म्हटलं, बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. लाखांचं दुःख डोक्यावर असलेला माणूस. त्यांना वेळ होता म्हणून नव्हे. जे आपल्याला कधी मिळू दिलं नाही तेही आपलंच आहे, म्हणून. हा अर्थ माझा आहे, चुकला तर मला धरा.

मोर्चाला मी येणारच आहे. नेहमीसारखा पुढं असेन. फक्त या वेळी डबा बरोबर आणतोय. सोमवार असला तर वजडी असेल. ज्याला बसायचं त्यानं जवळ बसावं. मीठ कमी वाटलं तर सांगावं.